दुसरा खिळा

वायरमास्तरांना लाल, हिरवा आणि तपकिरी हे तिन्ही रंग एकसारखेच दिसत. जगात ही गोष्ट फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होती. एखाद्या सुताराला किंवा न्हाव्याला असं असतं तर कुणाचं काही अडलं नसतं. पण या भल्या माणसाने पोटासाठी धंदा निवडला तो जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या वायरिंगचा.

या गाड्यांचं सगळं रंगांवर चालतं. तपकिरी वायर थेट बॅटरीतून निघते. तिला ना किल्ली अडवत, ना फ्यूज. गाडी बंद असो, मालक घोरत पडलेला असो, तपकिरीत करंट असतोच. हिरवी येते किल्लीच्या आणि फ्यूजच्या मागून, आणि ब्रेकचा दिवा, पेट्रोलचा काटा, वायपर अशी सभ्य कामं करते. लाल वायर छोट्या दिव्यांची. हिरवीच्या जागी तपकिरीचा करंट गेला तर फ्यूज उडत नाही, कारण फ्यूज वाटेत नसतोच. वायरच जळते. ज्या तीन रंगांत चूक झाली की गाडी पेटायची, नेमके तेच तीन मास्तरांच्या डोळ्यांनी एका पोत्यात कोंबले होते.

बायकोने हे पकडलं ते लग्नानंतर थोड्याच दिवसांत. डबा घेऊन गॅरेजमध्ये आली होती, उभ्या उभ्या म्हणाली, "अहो, हिरवीला तपकिरी कशाला जोडताय?" मास्तरांनी आधी आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. तिने नवऱ्याचं तोंड पाहिलं, हातातल्या वायरी पाहिल्या, आणि काय समजायचं ते समजली. डबा बाजूला ठेवला, स्टूल ओढलं आणि बसली. ती बसली ती बसलीच. पुढे सगळं गाव तिला काकू म्हणायला लागलं तरी ते स्टूल तिचंच राहिलं.

तेव्हापासून कामाची रीत ठरून गेली. लाकडी बाकाच्या कडेला तीन खिळे. गाडीतून काढलेली वायरींची जुडी बाकावर पसरायची, वरचं कापडी वेष्टण उसवायचं, सडलेली टोकं छाटायची. मास्तर एकेक टोक वर धरायचे आणि काकू रंग सांगायच्या. तपकिरी पहिल्या खिळ्यावर, हिरवी दुसऱ्या, लाल तिसऱ्या. मग दोऱ्याच्या गाठी. तपकिरीला एक, हिरवीला दोन, लालला तीन. एकदा गाठी पडल्या की मास्तर राजे. टोक सोलून त्यावर पितळेची गोळी चढवायची, सोल्डरचा थेंब सोडायचा, आणि रबराच्या नळीत ती गोळी समोरून आलेल्या गोळीला भिडेपर्यंत दाबायची. मास्तरांनी दाबलेला जोड हिसका मारूनही निघायचा नाही.

लोक चेष्टा करायचे. मास्तरांना बायकोशिवाय स्क्रूसुद्धा फिरवता येत नाही म्हणायचे. मास्तर हसून सोडून द्यायचे. बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणवून घेणं त्यांना परवडत होतं, आंधळा वायरमन म्हणवून घेणं परवडलं नसतं. आणि काकू तरी कुठल्या गप्प बसायला! "माझी नजर हटली तर हे चहाच्या किटलीलाही बॅटरी लावतील," असं गिऱ्हाइकासमोर खुशाल सांगायच्या, वर मास्तरांकडे बघून डोळे मिचकावायच्या.

एक गोष्ट मात्र दोघांत कधी बोलली न जाता पक्की झाली होती. काकूंनी रंग सांगितला की तो रंग. "नक्की ना?" असं मास्तरांनी एकदाही विचारलं नाही. विचारणं म्हणजे त्यांच्या लेखी पापच होतं.

अशी सगळी घडी बसलेली असताना लेक मध्ये पडली. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती, अधूनमधून यायची. गेल्या खेपेला आली आणि जाताना तिने मास्तरांना गॅरेजच्या शटरपाशी गाठलं.

"बाबा, आईला मी माझ्याकडे नेते. तिथे डॉक्टर जवळ आहेत. सासूबाई दिवसभर घरात असतात."

"तिला काय धाड भरलीय?"

"तिने घराची किल्ली साखरेच्या डब्यात ठेवली होती."

"मग काय झालं? मी चष्मा कुठेही ठेवतो."

"काल तिने मला विचारलं, तुझं लग्न झालंय का म्हणून."

पण हार मानतील तर ते मास्तर कसले! बाई घरातून गेली तर आपलं काय होईल, हा विचारसुद्धा त्यांनी मनाच्या दारात उभा केला नाही. ते तिथल्या तिथे म्हणाले, "पुढच्या रविवारी ये. तोवर ती निळी गाडी पुरी होतेय. आई माझ्याबरोबर रोज बसते. गाडी बिनचूक झाली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. खोट निघाली तर खुशाल ने तिला."

लेक हसली. "गाडी करणार तुम्ही आणि परीक्षा आईची? हा कुठला न्याय?"

"तू ये तर खरी."

म्हाताऱ्याची समजूत काढायची म्हणून लेकीने मान डोलावली. मास्तर मात्र मनातल्या मनात जिंकले होते. त्यांचा हिशेब साधा होता. ज्या बाईचं डोकं चालेनासं होतं तिला जुनाट, मळकट वायरींचे रंग ओळखता येतील का? नाही येणार. काकूंना तर येतात. म्हणजे काकूंना काहीही झालेलं नाही. तो हिशेब उशाशी घेऊन त्यांनी आठवडाभर झोप काढली.

गाडी म्हणजे जुनी दोन दारांची, मालकाने जिवापाड जपलेली. बॅटरी मागच्या सीटखाली, आणि तिथूनच वायरी डिकीकडे जात. मागची जुडी पार कुजली होती. मास्तर टोक वर धरत होते, काकू सांगत होत्या. नाही म्हणायला काकूंना आताशा थोडा वेळ लागत होता. त्या वायरीकडे बघायच्या, मग मास्तरांच्या तोंडाकडे बघायच्या, मग रंग सांगायच्या. मास्तरांना वाटलं, उजेड कमी पडतोय. त्यांनी बाकावर नवा मोठा बल्ब लावला. तरी वेळ लागतच राहिला. मास्तर म्हणाले, वय झालं आता, चालायचंच. माणसाला जे बघायचं नसतं ते न बघण्यासाठी डोळे अधू असावे लागत नाहीत.

शनिवारी सकाळी जुडी गाडीत बसली. सगळ्या गोळ्या नळ्यांत गेल्या. मास्तरांनी बॅटरीची पट्टी चढवली, पाना फिरवला, आणि काकूंना हाक मारली, "ये गं, बघायला ये!" काकू चहाचा कप घेऊन दारात आल्या. तेवढ्यात डिकीकडून वास आला. मग पांढरा धुराचा पट्टा सीटच्या मागून वर चढायला लागला.

पेट्रोलची टाकी तिकडेच होती. मास्तर या वयात कसे धावले ते त्यांनाही कळलं नाही. पाना शोधायला वेळ नव्हता. त्यांनी पट्टी दोन्ही हातांनी हिसडून काढली. बोटं सोलली. धूर थोडा वेळ तसाच घुटमळला आणि विरला. मास्तर गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले.

"काय जळलं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. धूळ होती."

"बरं," काकू म्हणाल्या. कप त्यांनी बॉनेटवर ठेवला आणि आत गेल्या.

मग मास्तरांनी एकेक जोड उघडायला घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं काम कच्चं निघावं असं त्यांना वाटत होतं. एखादी गोळी सैल असू दे. एखादा सोल्डरचा थेंब ओघळून शेजारी चिकटलेला असू दे. एखादी रबराची नळी फाटलेली असू दे, मी भर बाजारात कान धरून उभा राहीन. त्यांनी नळी कापली, गोळी ओढून पाहिली. घट्ट. पुढची. घट्ट. तिच्यापुढचीही तशीच. एवढं चांगलं काम करायची काय अवदसा आठवली होती मला, असं म्हणत ते स्वतःलाच शिव्या घालत होते.

शेवटी जळालेली वायर हाताला लागली. वरचं आवरण वितळून तिचा नुसता तांब्याचा सापळा उरला होता, टोकाशी मात्र बोटभर तुकडा शाबूत होता. त्याला दोरा होता. एक गाठ.

एक गाठ म्हणजे तपकिरी. तपकिरी म्हणून ती मास्तरांनी थेट बॅटरीच्या वायरीला जोडली होती, डिकीतल्या दिव्याची समजून. आणि ही वायर जात होती टाकीवरच्या पेट्रोल-काट्याकडे. काट्याची वायर हिरवी असते. हिरवीवर बारीक काळी रेघ, पण ती रेघ मळाखाली केव्हाच मिटलेली.

तरी मास्तरांनी एक वाट शोधून काढलीच. या गाडीला कितीजणांचे हात लागले असतील. मधल्या कुणा आळशी मेकॅनिकने काट्याला तपकिरीच वायर घातली असेल. असतात असे लोक, हाताला येईल ती वायर घालतात. मग काकूंनी तपकिरी सांगितलं ते खरंच की! चूक त्या मुडद्याची! या विचाराने त्यांना इतकी हुशारी आली की त्यांनी शाबूत तुकडा कापला आणि तडक स्वयंपाकघरात गेले.

काकू कणीक मळत होत्या. मास्तरांनी तुकडा त्यांच्यासमोर धरला, नेहमीसारखाच.

"ही कोणती गं?"

काकूंनी हात थांबवले. तुकड्याकडे पाहिलं. मग बराच वेळ नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"तुम्हाला कोणती हवीय?" त्यांनी विचारलं.

मास्तर बाहेर आले. मागे वळून बघायचीही त्यांना भीती वाटली.

शेजारच्या गाळ्यात गाड्यांच्या सीटा शिवणारा होता. त्याच्याकडे भिंतभर रंगीत दोऱ्यांची रिळं. मास्तर तिथे गेले आणि जमेल तितक्या सहज आवाजात म्हणाले, "याला जुळता दोरा दे रे थोडा." सीटवाल्याने तुकडा उजेडात धरला, थुंकी लावून अंगठ्याने घासला, आणि एका रिळाचा दोरा तोडून दिला.

"हा कुठला म्हणायचा?" मास्तरांनी विचारलं.

"हिरवा की! अजून कुठला?" सीटवाला हसला. "मास्तर, आता आम्हाला दोऱ्यांची परीक्षा घ्यायला लागलात?"

मास्तरही हसले. हसताना आपला चेहरा कसा दिसत असेल असं त्यांना वाटलं. दोरा आणि तुकडा मुठीत धरून ते गॅरेजमध्ये परत आले, शटर अर्धं ओढलं आणि बाकावर डोकं टेकून रडले. त्या बल्बखाली, त्या स्टुलाशेजारी, एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडला. काकूंचं डोकं चालेनासं झालंय, ही गोष्ट लेकीने सांगितली, किल्लीने सांगितली, साखरेच्या डब्याने सांगितली, ती त्यांनी मानली नव्हती. वायरीने सांगितली तेव्हा मानावी लागली.

मग त्यांनी मागची जुडी पुन्हा गाडीतून काढली आणि सगळे दोरे कापून टाकले. कुठली गाठ खरी, कुठली खोटी, कुणी सांगावं? टेस्ट लॅम्प लावून एकेक वायर हुडकता येते, पण इथे अर्ध्या वायरी आतूनच तुटलेल्या. लॅम्प पेटतच नव्हता. आणि खरं सांगायचं तर वायरींची त्यांना फिकीरही उरली नव्हती. सकाळी लेक येणार होती. गाडी बिघडलेली बघणार होती. शब्द त्यांनीच दिला होता.

रात्र कशी काढली ते त्यांचं त्यांनाच माहीत. पण पहाटेपर्यंत त्यांचं ठरलं होतं. बायकोला वाचवायचं तर एकच उपाय होता, आणि तो करायला आयुष्यभर झाकून ठेवलेली लाज उघड्यावर टाकावी लागणार होती. टाकू. लाज काय, वायरीच्या तुकड्यासारखी कापून फेकता येते, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

लेक आली ती सरळ गॅरेजमध्ये. काकू आत होत्या. लेकीने उघडी डिकी पाहिली, काळं पडलेलं कापड पाहिलं, बाकावरची उसवलेली जुडी पाहिली.

"बाबा, हे काय?"

"माझ्याकडून पेटली."

"तुमच्याकडून?"

"मला रंग दिसत नाहीत," मास्तर म्हणाले. "लाल, हिरवा, तपकिरी. मला सगळं एकच दिसतं. आधीपासून. तुझी आई सांगते म्हणून माझं चालतं. परवा तिचा गुडघा दुखत होता, म्हटलं आज आपणच उरकू. उरकलं, आणि हे असं झालं. तिचा यात काही संबंध नाही."

लेक बघतच राहिली. मग तिने खांद्यावरची पिशवी पुढे धरली. "हिचा रंग सांगा."

मास्तरांनी पिशवीकडे डोळे फाडून पाहिलं. "मातकट?"

"लालभडक आहे, बाबा." तिच्या तोंडून हसू निघालं आणि त्याच श्वासात डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे मी लहानपणी हिरवा सूर्य काढला होता, शाळेत बाई ओरडल्या, आणि तुम्ही म्हणालात वा वा, अगदी खराखुरा सूर्य आहे..."

"मला खराच वाटला होता."

लेक स्टुलावर बसली. "इतकी वर्षं हे आईने एकटीने सांभाळलं?"

"एकटीने."

"आणि आई ठीक आहे? खरं सांगा."

"ठणठणीत," मास्तर म्हणाले.

लेकीने डोळे पुसले. म्हणाली, "मग राहू दे तिला इथेच. डॉक्टरांना इथेच दाखवू. मी उगाच घाबरले बहुतेक." आणि तिने बाह्या सरसावल्या. "चला, आता मी सांगते रंग. कसं करायचं ते दाखवा."

मास्तरांच्या छातीवरचा धोंडा खाली आला. जिंकलो, असं त्यांना वाटलं. त्यांनी लेकीला खिळे समजावून सांगितले, पहिला तपकिरीचा, दुसरा हिरव्याचा, तिसरा लालचा.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. आपल्या स्टुलावर लेक बसलेली पाहून थबकल्या.

"ऊठ गं, ती माझी जागा आहे," त्या म्हणाल्या.

लेक हसत उठली आणि त्यांच्या मागे उभी राहिली. काकूंनी पदराला हात पुसले, बसल्या, आणि नवऱ्याकडे बघून हनुवटी उचलली. सुरू करा, असं. आता मास्तर काय करणार? नाही कसं म्हणणार? त्यांनी पहिलं टोक वर धरलं.

"लाल," काकू म्हणाल्या. मागून लेकीने होकाराची मान हलवली. मास्तरांनी तिसऱ्या खिळ्यावर टाकली.

"हिरवी." मान हलली. दुसरा खिळा. मास्तरांच्या जिवात जीव आला. काल उगाचच, थकली असेल, झोप झाली नसेल. त्यांनी पुढचं टोक उचललं.

काकूंनी वायरीकडे पाहिलं. मग मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. लांबवर काहीतरी शोधत असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"तपकिरी," त्या म्हणाल्या.

मास्तरांचा हात सवयीने पहिल्या खिळ्याकडे निघाला. काकूंच्या मागे लेकीचा चेहरा उतरला. तिने हळूच नकाराची मान हलवली आणि दोन बोटं वर केली.

मास्तरांनी वायर दुसऱ्या खिळ्यावर टाकली.

"बरोबर," ते म्हणाले.

काकूंची नजर वायरीबरोबर गेली आणि दुसऱ्या खिळ्यावर थांबली. पुढचं टोक मास्तरांनी वर धरलं होतं, पण त्या तिकडे बघेनात. त्यांनी मागे वळून पाहिलं. लेकीची दोन बोटं अजून खाली आली नव्हती.

"हिरवी होती का ती?" काकूंनी विचारलं.

लेकीने बोटं मिटली.

"अहो, मी विचारतेय."

"मला काय विचारतेस? मला कुठे दिसतं?" मास्तरांनी हसायचा प्रयत्न केला.

"मग दुसऱ्या खिळ्यावर कशी गेली?"

मास्तरांच्या हातातलं टोक खाली आलं. काकू ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. बाजारातून परत आल्यावर काय राहून गेलं ते सांगावं तशा बोलायला लागल्या.

"मला रंग दिसतो अजून. चांगला दिसतो. नाव येत नाही तोंडात. कधी येतं, कधी येत नाही. आणि तुम्ही असे बघत बसता माझ्याकडे. मग मी काहीतरी सांगून टाकते."

"मला सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं असतं. तुम्ही एकदा जरी विचारलं असतंत, नक्की ना, तर सांगितलं असतं." त्यांनी उघड्या डिकीकडे पाहिलं. "ही मीच जाळली ना?"

"नाही गं, ती मी एकट्यानेच..."

"हे दुसरं खोटं," काकू म्हणाल्या. "माझा शब्द तुम्ही कधी बाजूला ठेवला नव्हता. आज ठेवलात ते बरोबरच केलंत. पण तोंडाने बरोबर म्हणालात. चुकलीस म्हणायचं होतं हो. उद्याही तुम्ही बरोबरच म्हणणार. मग मी कुठवर गेलेय ते मला कोण सांगणार?"

मास्तर उठले, बाकाला वळसा घालून तिच्यापुढे आले. काय बोलतोय याचं त्यांना भान नव्हतं. "चुकीचं सांग. रोज चुकीचं सांग. तू म्हणशील तशी जोडीन मी."

"आणि त्या गाडीत कुणाची लेकरं बसायची?"

काकू उठल्या. जाता जाता त्यांनी मास्तरांचे सोललेले हात आपल्या हातांत घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि सोडले. मग लेकीकडे वळल्या.

"माझी बॅग वरच्या फळीवर आहे. ती काढून दे. यांच्या हाताला लागेल, यांना चढायला लावू नकोस."

"आई, आपण बोलू ना आधी..."

"चल."

दोघी आत गेल्या. फळीवरून बॅग ओढल्याचा आवाज आला, मग कपाटाचं दार वाजलं. चहा गार झाला होता. मास्तर आपल्या जागेवर येऊन बसले, समोर रिकामं स्टूल. त्यांनी एक टोक उचललं, बल्बखाली धरलं, आणि सवयीने वाट बघत राहिले. मग दुसरं उचललं, मग तिसरं. सगळी सारखीच होती.